काकांना ऑटिझम होता का?

गणपतीला चाकरमानी गावी आले की हल्ली एक नवाच खेळ चालतो. पडवीत बसायचं, मोबाइलवर पाहिलेलं एखादं रील आठवायचं आणि घराण्यातल्या एकेका तऱ्हेवाईक माणसाला ऑटिझमच्या खात्यावर टाकायचं. यंदा पाळी आमच्या धाकट्या काकांची होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा, हे गुहागरात पुष्कळांना माहीत आहे. काका मात्र ते न विचारता सांगत. लग्नात सांगत, मयतीला सांगत, समोरचा उठून गेला तरी वाक्य पुरं करत. आमटी पानातल्या भाजीला लागली की जेवण संपलं. सदऱ्याच्या मानेमागची कापडी पट्टी ब्लेडने उसवल्याशिवाय नवा सदरा अंगावर चढत नसे. आरतीत झांजा सुरू झाल्या की ते मागच्या आगरात पोफळींखाली जाऊन बसत आणि मंत्रपुष्पांजलीला बरोबर परत येत.

माझ्या पुतण्याला ऑटिझम आहे, रीतसर निदान झालेलं. मुलाचं निदान झालं की घरातले मागच्या पिढ्या चाळू लागतात, आणि त्यात गैर काही नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे 1977 साली फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांवर केलेल्या अभ्यासापासून दिसत आलं आहे.

तरीही पडवीतल्या निदानाला माझा विरोध आहे. आपल्याला दिसते ती माणसाची वागणूक, त्यामागचं कारण दिसत नाही. हाक मारल्यावर वळून न बघणाऱ्याला कमी ऐकू येत असेल. लोकांत न मिसळणारा नुसता लाजाळू असेल किंवा आतून घाबरलेला असेल. डॉक्टर ज्या निकषांवर जातात, त्यांतल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात (2013), दोन्ही बाजू लागतात: माणसामाणसांतल्या देवघेवीतली अडचण, आणि तोचतोचपणा, ठरावीक गोष्टींचा ध्यास किंवा आवाज-स्पर्श-वासाचा त्रास. हे लहानपणापासून असावं लागतं आणि त्यापायी रोजचं जगणं अडत असावं लागतं. भरतीचं वेड एकटं पुरत नाही.

‘डोळ्याला डोळा देत नाही’ हे लक्षण तर आपल्याकडे फारच जपून वापरावं. सासऱ्यांसमोर मान वर न करणं हे ज्या घरांत वळण म्हणून शिकवलं, तिथे ते कशाचं लक्षण मानणार?

पण मला जास्त खटकतं ते निराळंच. ही ओळख पटते ती फक्त पुरुषांची. काका ‘अवलिया’ ठरले. त्यांना गावाने सांभाळून घेतलं असं आम्ही अभिमानाने सांगतो. म्हणजे नेमकं कुणी? आधी आजीने, मग माझ्या आईने. आमटीची वेगळी वाटी तीच ठेवत होती, सदऱ्याच्या पट्ट्या पुढे तीच उसवत होती. बागायत सामाईक होती, म्हणून काकांना नोकरीच्या दारात कधी उभं राहावं लागलं नाही.

त्याच घरात एक काकूही आहे. पिकल्या फणसाच्या वासाने तिला मळमळतं (कोकणात हे माहेरची लाज काढायला पुरेसं आहे). साडी कशी आहे विचारलं तर ती कशी आहे ते सांगते. पाहुणे यायच्या आधी माजघरात ती पुटपुटताना मी ऐकलंय: ‘या, बसा, पाणी आणते, प्रवास कसा झाला.’ पाहुण्यांसमोर हे सगळं बिनचूक म्हणायची आणि ते गेले की अंधार करून पडून राहायची. तिला कुणी अवलिया म्हटलं नाही. शिष्ट म्हटलं, उर्मट म्हटलं, दृष्ट काढली, देवळात कौलही लावला. ऑटिझमचं चार मुलग्यांमागे एक मुलगी असं प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ते तीनास एकच्या जवळ आलं. मुली सुटून जातात याचं एक कारण म्हणजे हे पाठांतर. ते जितकं चांगलं जमतं तितकं बाईचं हाल होणं कुणाला दिसत नाही.

काकूला ऑटिझम आहे का, हे मी ठरवणार नाही आणि तिला तसं सुचवणारही नाही. तिने विचारलं तर जे वाचलंय ते सांगेन. पण शंका आली म्हणून माझं वागणं बदलायला कुणाचा दाखला लागत नाही. हळदीकुंकवाचं वाण मी तिला आदल्या दिवशी घरी नेऊन देते. सरळ विचारते, सरळ उत्तर घेते, रागावत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने 2012 मध्ये मांडलं होतं की न समजण्याचं हे काम दुतर्फा असतं. ऑटिस्टिक माणसांना आपण कळत नाही, तसे ते आपल्यालाही कळत नाहीत. आमच्या घराने काकूच्या बाबतीत हे चोख सिद्ध केलं आहे.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. तिथे गप्प बसू नये. वर्षाचं मूल नावाला ओ देत नाही, दीड वर्षाचं बोट दाखवून काही मागत नाही, आलेले शब्द गेले, असं दिसलं तर आईबापांना एकटं गाठून सांगावं. ‘अगो, त्याचा बाबाही उशिराच बोलला होता’ हे उत्तर मिळणारच. तरी सांगावं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवायला सुचवावं, आणि कान आधी तपासायला सांगावं. पुढे गरज पडलीच तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळतं. चारचौघांत मात्र बोलू नये. आमच्या वहिनीला हे पहिल्यांदा बारशाच्या पंगतीत कळलं, तेही एका लांबच्या नातेवाइकाकडून.

जाता जाता एक काम. पुतण्या कोकण रेल्वेची जुनी छापील वेळापत्रकं जमवतो, पावसाळी तर विशेष. कुणाच्या माळ्यावर पडली असतील तर कळवा. द्यायला घरी आलात तर भरपूर ऐकायची तयारी ठेवा, आणि ‘किती हुशार!’ म्हणत गालाला हात लावू नका, त्याला अजिबात चालत नाही.