स्टारस्क्रीम भित्रा, बिनडोक, बिनकामाचा? जरा थांबा

सध्या एक रील जिथे तिथे फिरतेय, आमच्या फॅमिली ग्रुपवरसुद्धा येऊन पडली, आणि तिच्यात म्हणे ट्रान्सफॉर्मर्सच्या जुन्या १९८४ च्या कार्टूनमधला स्टारस्क्रीम हा आजवरचा सगळ्यात फुसका व्हिलन. पाच मुद्दे दिलेत. एक, भित्रा आहे. दोन, डोकं नाही. तीन, लढाईत झिरो. चार, मेगाट्रॉनने त्याला नुसतं दया म्हणून ठेवून घेतला. आणि पाच, शेवटी खुर्ची मिळाली तर मिनिटभरात राख झाला, विषय संपला. भाच्याने मला मुद्दाम आणून दाखवली, "मामा, तुमचो स्टारस्क्रीम एकदम फुसको, ह्यां बघा!" करून. आता जुलै चालू, मासेमारी बंद, वेंगुर्ल्याचं बंदर गप्प पडलंय, बाहेर पाऊस धो धो, म्हणजे आपल्याकडे वेळच वेळ आहे. घेऊ एकेक.

ज्यांनी बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरचे रोबो, त्यांच्यात दोन पार्ट्या, ऑटोबॉट चांगले आणि डिसेप्टिकॉन वाईट. भांडत भांडत पृथ्वीवर आदळतात, चाळीस लाख वर्षं एका ज्वालामुखीच्या पोटात बंद पडून राहतात आणि १९८४ मध्ये जागे होतात. डिसेप्टिकॉनचा बॉस मेगाट्रॉन, आणि त्याच्या खालोखाल हा स्टारस्क्रीम, हवाई दलाचा प्रमुख, एफ-१५ फायटर जेट होतो. साहेबांना रोज सकाळी उठून एकच वाटतं की बॉस मी असायला पाहिजे.

तर भित्रा. रीलमध्ये सगळ्या क्लिपा त्याच त्या, हा मेगाट्रॉनच्या पायाशी पडून गयावया करतोय. करतो ना, नाही कोण म्हणतंय. पण त्या क्लिपच्या आधी काय झालं ते कापलंय. आधी त्याने मेगाट्रॉनला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलेलं असतं की तू चुकतोयस, तुझ्या जागी मी पाहिजे, आणि मेगाट्रॉनच्या हातावर जी भलीमोठी तोफ आहे ती काय शोभेची नाही. मार खाल्ला, माफी मागितली, आणि पुढच्या एपिसोडला परत तेच, त्याच माणसासमोर, त्याच तोफेसमोर. भित्रा माणूस एकदा मार खाल्ला की गप्प बसतो, हा बसत नाही हाच तर सगळ्यांना त्रास आहे. त्या काळी हास्ब्रोच्या खेळण्यांच्या खोक्यावर मागे प्रत्येक रोबोचा एक तक्ता छापलेला असायचा, नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर गिचमिड, सोबत लाल पारदर्शक प्लास्टिकची पट्टी यायची ती वर धरली की ग्राफ उमटायचा आणि कोणाची ताकद किती, डोकं किती ते कळायचं. स्टारस्क्रीमच्या तक्त्यात वेग दहापैकी १०, बुद्धी ९, आणि धैर्य, नीट ऐका, धैर्य ९. म्हणजे ज्यांनी तो विकला त्यांनाही तो भित्रा वाटला नव्हता. आता खोका काही वेद नाही हे मान्य, कार्टूनवाले खोक्याच्या पुढे जाऊन त्याला जास्त रडका करतात हेही मान्य, पण "धैर्य शून्य" हे कुठून आणलं?

दुसरा मुद्दा, डोकं नाही. इथे मला खरंच राग आला, कारण हा माणूस (रोबो, रोबो) मुळात सायंटिस्ट आहे! पहिल्याच सीझनमधला बर्फातला एपिसोड बघा, ज्यात आर्क्टिकच्या बर्फाखाली स्कायफायर नावाचा एक प्रचंड रोबो गाडलेला सापडतो. स्टारस्क्रीम त्याला बघताच ओळखतो, कारण युद्ध सुरू व्हायच्या आधी हे दोघं जोडीदार होते, नवीन नवीन ग्रह शोधत फिरायचे, आणि पृथ्वीवर ते मेगाट्रॉनच्या कितीतरी आधी येऊन गेलेले, तेव्हा वादळात स्कायफायर हरवला, याने शोधला, नाही सापडला, शेवटी एकटा परत गेला. हा सगळा भाग रीलवाल्याला माहीतच नसावा. पुढे त्याच जोडीदाराने ऑटोबॉट कैद्यांना मारायला नकार दिला तर हा त्याच्यावरच गोळी झाडतो, म्हणजे किती नीच आहे ते वेगळं, त्यावर आपला वाद नाही. नीच आहेच. बिनडोक नाही.

आणि डोक्याचा खरा पुरावा दुसऱ्या सीझनमध्ये. मेगाट्रॉन कंटाळून याला हाकलतो, थेट ग्वादलकनालवर, पॅसिफिकमधलं बेट, जिथे १९४२-४३ मध्ये अमेरिकन आणि जपानी सैन्याची मोठी लढाई झाली होती. ना सैन्य, ना एनर्जी, ना कोणी बोलायला. आणि तिथे त्याला दिसतं काय तर महायुद्धातली टाकून दिलेली गंजकी वाहनं, रणगाडा, जीप असला माल. आता समुद्राच्या काठावर लोखंडाचं काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको, माझ्या दारातल्या बाईकचा सायलेन्सर वर्षभरात चाळणी होतो आणि खिडकीचे गज दर पावसाळ्याआधी रंगवावे लागतात, आणि हा गडी चाळीस वर्षं खारा वारा खाल्लेल्या भंगाराकडे बघून म्हणतो की याची फौज होईल. नुसतं म्हणत नाही, सायबरट्रॉनला जातो, तिथे जेलमध्ये काही डिसेप्टिकॉन गुन्हेगारांच्या पर्सनॅलिटी, म्हणजे त्यांचा मेंदूच म्हणा, शरीरातून काढून बंद करून ठेवलेल्या असतात त्या चोरतो, परत येतो आणि त्या भंगारात बसवतो. झाले पाच कॉम्बॅटिकॉन. ते पाच जोडले की ब्रुटिकस नावाचा राक्षस, आणि तो ब्रुटिकस घेऊन हा मेगाट्रॉनवर चालून जातो आणि त्याच्या अख्ख्या पलटणीची दाणादाण उडवतो. ऐनवेळी दुसरा जोड-रोबो मेनासॉर मध्ये पडला म्हणून डाव उलटला, नाहीतर त्या दिवशी गादी याचीच होती. एकटा, हद्दपार, हातात भंगार, त्यातून बॉसला गुडघ्यावर आणायची वेळ आली होती. यात डोकं नाही तर मग डोकं कशाला म्हणायचं?

लढाईत झिरो हा मुद्दा फार ताणत नाही. त्याच्या दोन्ही दंडांवर ज्या नळ्या आहेत त्या नल-रे, लागला की मशीनमधला विजेचा प्रवाहच तुटतो. समोरचे सगळे रोबो आहेत, विजेवर चालणारे, म्हणजे समोरच्याला फोडायचीही गरज नाही, बंद पाडला की झालं. शिवाय पहिल्या सीझनमध्ये ऑटोबॉट बहुतेक गाड्या आणि ट्रक, आकाश जवळजवळ पूर्ण डिसेप्टिकॉनचं, आणि त्या आकाशाचा मुख्य हा. थंडरक्रॅकर, स्कायवार्प त्याच्याच साच्यातले, फक्त रंग वेगळा. आणि नंतरच्या सिरीज धरायच्या म्हटल्या तर २०१० च्या ट्रान्सफॉर्मर्स प्राइमच्या पहिल्याच एपिसोडमध्ये क्लिफजंपर या ऑटोबॉटला कोण मारतं? हाच, शांतपणे, तिरस्काराने. तिथे कोणी हसलं नाही.

हसण्यावरून आठवलं. पाच मुद्द्यांच्या मागे जो खरा गैरसमज आहे तो मला वाटतं हा आहे की ज्याला बघून हसू येतं तो व्हिलन कमजोर. त्याचा आवाज चिरका, ख्रिस लॅट्टाचा, त्यानेच जी.आय. जो या दुसऱ्या कार्टूनमध्ये कोब्रा कमांडर या व्हिलनचाही आवाज दिला, आणि गंमत म्हणजे याच सिरीजमध्ये व्हीलजॅक या साध्याभोळ्या ऑटोबॉटचाही तोच. तो आवाज ऐकला की हसू येतंच. पण अरे, आपण दशावतार बघत वाढलेली माणसं! जत्रेला रात्री संकासुर येतो, काळा पोशाख, अस्सल मालवणीत टोमणे मारतो, सगळा मांड हसून लोळतो, म्हणून तो फुसका झाला काय? त्याने ब्रह्मदेवाचे वेद पळवलेत, त्याला मारायला खुद्द विष्णूला यावं लागतं. हसवतो आणि घातकही आहे, दोन्ही एकाच वेळी, हे आमच्या आजीलाही कळत होतं, रीलवाल्यांना का कळू नये. स्टारस्क्रीम त्याच जातकुळीतला.

आता मेगाट्रॉनने दया म्हणून ठेवला हे. मेगाट्रॉन आणि दया, एका वाक्यात! तो या सिरीजमध्ये काय होतो आठवा, पिस्तूल होतो, वॉल्थर पी-३८. पिस्तूल स्वतःहून नेम धरत नाही, कोणीतरी हातात धरावी लागते, आणि १९८६ च्या पिक्चरच्या सुरुवातीला ऑटोबॉटच्या शटलवर हल्ला होतो तेव्हा मेगाट्रॉन पिस्तूल होऊन कोणाच्या हातात जातो? स्टारस्क्रीमच्या. साउंडवेव्ह नावाचा दुसरा डिसेप्टिकॉन आहे, इतका इमानदार, ब्र न काढणारा, तरी भर लढाईत बॉस स्वतःला देतो ते याच्या हातात, आणि त्या शटलमधून आयर्नहाइड, रॅचेट, प्रोल, ब्रॉन एकही जिवंत राहत नाही. दयेने ठेवलेल्या माणसाच्या हातात कोणी स्वतःचा जीव देत नाही. मेगाट्रॉनला पक्कं माहीत होतं की हा कधीतरी पाठीत वार करणार, पण तोपर्यंत याच्याइतका कामाचा दुसरा नाही, म्हणून जवळ ठेवला, नजरेसमोर ठेवला. माझ्या मते तो हिशोब बरोबर होता, फक्त एक दिवस चुकला. त्याच पिक्चरमध्ये पुढे जखमी मेगाट्रॉनला याने अॅस्ट्रोट्रेनमधून (हा यान होणारा डिसेप्टिकॉन) अंतराळात ढकलून दिला, तो दिवस.

खरं सांगू का, स्टारस्क्रीमवर टीका करायचीच होती तर सगळ्यात मोठा पुरावा पहिल्याच एपिसोडमध्ये पडला होता आणि रीलवाल्याने तो घेतलाच नाही, म्हणजे त्याने एपिसोड बघितलेतच की नाही शंका आहे. ज्वालामुखीतल्या जहाजात कॉम्प्युटर जागा होतो, योगायोगाने डिसेप्टिकॉनना आधी दुरुस्त करतो, ते सगळे बाहेर पडतात, आत ऑटोबॉट अजून मेल्यासारखे पडलेत. नुसतं निघून गेले असते तर सिरीज तिथेच संपली असती, मेगाट्रॉन जिंकला. पण याला राहवत नाही, जाता जाता मागे वळून एक गोळी झाडतो, का तर उगाच, खुन्नस म्हणून. त्या हादऱ्याने ऑटोबॉटचा बॉस ऑप्टिमस प्राइम घसरून बरोबर दुरुस्तीच्या किरणाखाली जातो आणि जिवंत होतो. म्हणजे अख्ख्या युद्धाला कारण ही एक फुकटची गोळी. त्याचा दोष हा आहे, भित्रेपणा नाही की मूर्खपणा नाही. हातात आलेलं काम गपचूप संपवून निघायचं हे त्याला जमतच नाही, शेवटी एक टोला हाणायचाच असतो, चार लोकांनी बघितलं पाहिजे असं असतं.

पाचव्या मुद्द्यातही तेच दिसतं. मेगाट्रॉनला फेकून दिल्यावर शहाण्या माणसाने आधी सैन्य आवळून धरलं असतं. हा काय करतो, राज्याभिषेक! मुकुट, पाठीवर झगा, वाजंत्री. तेवढ्यात मेगाट्रॉन नवं शरीर आणि नवं नाव घेऊन, गॅल्व्हाट्रॉन होऊन परत येतो, तोफ होतो, एका फटक्यात याची राख. रील इथे थांबते, दुःखी म्युझिक टाकून.

पण गोष्ट इथे थांबत नाही ना! तिसऱ्या सीझनमध्ये हा भूत होऊन येतो. हो, रोबोचं भूत, हसा. त्यात त्याची गाठ पडते युनिक्रॉनशी, म्हणजे जो ग्रहच्या ग्रह गिळतो, आता त्याचं फक्त मुंडकं उरलंय पण तरी युनिक्रॉन तो युनिक्रॉन. सौदा ठरतो, युनिक्रॉनची कामं कर, बदल्यात शरीर परत मिळेल. हा कामं करत जातो, आणि शेवटचं काम, जे युनिक्रॉनला खरंच हवं होतं, ते करायच्या आधी म्हणतो की हे भुताच्या हातून व्हायचं नाही, आधी शरीर दे. शरीर मिळालं. आणि मग साहेबांनी सरळ हात वर केले, जा नाही करत! ग्रह गिळणाऱ्याला टोपी घातली. मेगाट्रॉन, म्हणजे तेव्हाचा गॅल्व्हाट्रॉन, त्याच युनिक्रॉनसमोर गळ्यात पट्टा बांधल्यासारखा वाकत होता, हे लक्षात घ्या. पुढे १९९६ ला सुरू झालेल्या बीस्ट वॉर्स या पुढच्या सिरीजमध्ये परत येतो तो, वास्पिनेटर नावाच्या बिचाऱ्या रोबोच्या अंगात शिरून, कारण त्याचा प्राण म्हणजे स्पार्क नष्टच होत नाही असं तिथे ठरवलं गेलं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, रील फॉरवर्ड करायची तर कर, पण आधी ग्वादलकनालचा एपिसोड आणि हा युनिक्रॉनवाला बघ, मग ये वाद घालायला. अजून आलेला नाही.