आधार कार्ड दाखवून वॉटर पार्कचे तिकीट निम्मे होत नाही

‘स्थानिक रहिवाशांनो, हक्क ओळखा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या बडोद्यातल्या घराघरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. आधार कार्डावर बडोद्याचा पत्ता असल्यास निम्मे तिकीट घेणे पार्कच्या मालकावर बंधनकारक आहे, घरचा डबा अडवणे गुन्हा आहे, तिकिटावरचा जीएसटी परत मिळतो आणि मुलांची उंची सोयीप्रमाणे कमी-जास्त दाखवल्यास आणखी पैसे वाचतात, असे त्यात ठासून सांगितले आहे. दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या हा संदेश छापून घेऊन, दोन नातवंडे आणि ठेपल्यांचा डबा यांसह एका पार्कच्या तिकीट खिडकीशी पाऊण तास वाद घालून आली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

निम्म्या तिकिटाचा कायदा कोणता आणि त्याचे कलम कोणते, हे संदेशात नाही, कारण असे कलमच नाही. खासगी पार्कचा दर मालक ठरवतो आणि स्थानिकांना सवलत द्यायची की नाही हेही तोच ठरवतो. हा समज बहुधा चांपानेरसारख्या ठिकाणांवरून आला असावा. तिथे पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना भारतीयांचे तिकीट परदेशी पर्यटकांपेक्षा पुष्कळ कमी आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना ते लागतच नाही. पण तो भेद नागरिक आणि परदेशी यांच्यातला आहे, बडोदेकर आणि सुरतकर यांच्यातला नव्हे.

डब्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ३ जानेवारी २०२३ चा निकाल पुरेसा बोलका आहे. चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देण्याचा जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचा आदेश त्याने रद्द केला. उद्या कोणी जिलेबी आणून चिकट बोटे खुर्चीला पुसली तर, असा प्रश्नही सुनावणीत निघाला होता. निकाल चित्रपटगृहांचा आहे हे खरे, पण खासगी जागेत प्रवेशाच्या अटी मालक घालू शकतो हे त्यामागचे तत्त्व पार्कला वेगळे कसे ठरेल? पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत मिळावे आणि तान्ह्या बाळाचे अन्न नेऊ द्यावे, या दोन गोष्टी मात्र तिथेही मान्य झाल्या होत्या. संदेशात सत्याचा अंश असलाच तर तो एवढाच.

जीएसटीचे थोडक्यात सांगायचे तर अशा पार्कांवरचा कर जानेवारी २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तो सर्वांसाठी. सहलीला आलेल्या कुटुंबाला तो परत मिळण्याची सोय नाही.

खरा संताप उंचीच्या सल्ल्याचा आहे. फुकट प्रवेशासाठी मुलाला गुडघ्यात वाकून उभे करा, आणि ‘पैसे वसूल’ व्हावेत म्हणून १२० सेंटिमीटरची अट असलेल्या राइडसाठी त्याला जाड तळव्याचे बूट घाला, असे हा संदेश सांगतो. (पाण्याच्या घसरगुंडीवर बूट चालत नाहीत, हेही लिहिणाऱ्याला सुचलेले नाही.) पहिल्या युक्तीत मुलाला खोटे बोलायला शिकवले जाते, दुसरीत त्याचा जीव जाऊ शकतो. सुरक्षा दांडा मोठ्या शरीराच्या मापाने बसवलेला असल्यामुळे लहान मूल त्याखालून निसटू शकते, आणि घसरगुंडी जिथे संपते तिथल्या पाण्यात त्याचे पाय टेकतील की नाही, हेही त्याच उंचीवर अवलंबून असते. हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी क्षमतेपेक्षा जास्त भरलेली नाव उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या, हे पाहिलेल्या शहरात असा संदेश पुढे पाठवायला बोट धजावते तरी कसे?

स्थानिक असण्याचा फायदा आहे, पण तो पत्त्याच्या पुराव्यात नाही. बाहेरगावच्या माणसाला शनिवार-रविवार गाठावा लागतो, मुक्कामाचा खर्च करावा लागतो. आपण मधल्या वारी, दर कमी असेल तो दिवस पाहून, घरून पोटभर जेवून जाऊ शकतो. आत्याला मी तसा बुधवार काढून दिला आहे. नातवाची उंचीही दाराच्या चौकटीला टेकवून, अनवाणी मोजली. ती ११६ सेंटिमीटर भरली.