म्हणे, फक्त रेशीम भरलं!

सकाळी एका ग्रुपवर चंबा रुमालाचा, म्हणजे हिमाचलातल्या चंब्याच्या भरतकाम केलेल्या रुमालाचा, फोटो आला. खाली कुणा जाणकाराची ओळ: पहाडी चित्रकारांची कमाल, बायकांनी फक्त रेशीम भरलं. फक्त? चहा निवला, डोकं निवेना.

बरं बाबा, मान्य. अठराव्या शतकातल्या त्या उंची रुमालांवर कोळशाने रेखाटन चित्रकारच करून द्यायचा, रंगही सुचवायचा. पण पुढे? बिनपिळाचं रेशीम, तलम कापड आणि दोरुखा टाका. दोन्ही बाजूंनी चित्र सारखंच, गाठ कुठेही दिसायची नाही. ह्याला 'भरलं' म्हणून मोकळे!

आमच्या आत्याने रुखवतात मांडायला विठ्ठल-रखुमाई भरली होती. काकांनी एका दुपारी कार्बनने नक्षी उतरवून दिली, आत्या सगळा पावसाळा मान मोडून बसली. आजही पाहुण्यांना सांगतात, "काकांचा हात बघा!" आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन तिथेच उभी असते.

चंब्याचे रुमालही लग्नातल्या आहेराच्या ताटांवर झाकायला जायचे. त्यावर रासमंडल असे, रुक्मिणीहरण असे. रुक्मिणी म्हणजे आपली, विदर्भाची! भावाने शिशुपालाशी ठरवलेलं लग्न झुगारून कृष्णाला निरोप धाडणारी. ती तिकडे चंब्यात, रावी नदीकाठच्या घरांत कोण भरत होतं? जिच्या लग्नाबद्दल तिला कुणी विचारलंही नसेल, अशी एखादी पोर. रथाचे घोडे भरताना ती मनातल्या मनात हसली असेल का हो? पोथी सांगायला बाहेर पुरुष होते. आत ती कथा बोटांखालून जात होती, घोड्याच्या एकेका पायाला वेळ देत.

आत्याला एकदा विचारलं, तुझी रखुमाई अशी घुश्शात का? म्हणाली, "अगं, रुसूनच तर आली ना ती पंढरपूरला! तुझ्या काकांनी हसरी काढलेली. मी ओठ खाली वळवले." घरात कुणालाच माहीत नव्हतं. काकांनाही नाही!

आणि चंब्यात बायकांनी स्वतःच रेखाटलेले रुमालही आहेत. रेषा वेड्यावाकड्या, रंग भडक, चित्रकाराचा हात कुठेच नाही. त्यांना 'लोकशैली' म्हणायचं की झालं.

आता 'पण डिझाइन महत्त्वाचंच ना' लिहायला येणाऱ्यांनी आधी एक पाकळी दोरुखा भरून दाखवावी. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, मग बोलू.