पाणी मेणबत्ती विझल्यावर चढलं, हे तिने पाहिलं होतं

आज एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीतली एक मुलगी मेणबत्तीचा प्रयोग दाखवत होती. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं. मागच्या तक्त्यावर निष्कर्ष स्केचपेनने आधीच लिहून ठेवलेला: 'ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो.' परीक्षकांनी विचारल्यावर ती पाठ केलेलं सगळं घडाघडा बोलली आणि मग स्वतःहून म्हणाली, "पण सर, पाणी तर मेणबत्ती विझल्यावर चढतं." परीक्षक म्हणाले, "ते जाऊ दे, निष्कर्ष सांग." तिने सांगितला. गुण टाकून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

संताप आला. आपल्यापैकी कोणालाही आला असता. कारण त्या सगळ्या हॉलमध्ये त्या क्षणी विज्ञान करणारी ती एकटी होती, आणि तिलाच गप्प केलं गेलं.

तक्त्यावरचा निष्कर्ष चुकीचा आहे. पूर्ण चुकीचा. हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो हे बरोबर, पण या प्रयोगातून ते सिद्ध होत नाही. पाणी ऑक्सिजनच्या जागी चढत असेल, तर ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवं. तसं होत नाही. ज्योत जळते तोवर पातळी जवळपास हलत नाही, कधी किंचित खालीही ढकलली जाते. ज्योत विझते, धूर येतो आणि मग काही सेकंदांत पाणी झपकन वर येतं. होतं ते असं: ज्योतीने ग्लासातली हवा तापते, प्रसरण पावते आणि तिच्यातली थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की आत उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ग्लास पटकन उपडा घातला तर कडेखालून बुडबुडे बाहेर पडताना चक्क दिसतात. हळू घातला तर तापलेली हवा कड पाण्याला टेकण्याआधीच निघून गेलेली असते, म्हणून बुडबुडे दिसत नाहीत.

हिशोबही सोपा आहे. मेणबत्ती ऑक्सिजन संपेपर्यंत जळतच नाही, तो साधारण 16 टक्क्यांच्या आसपास आला की विझते. म्हणजे हवेच्या 100 भागांतले जेमतेम 5 भाग वापरले गेले. मेण जळताना ऑक्सिजनचे 38 रेणू खर्ची पडले तर कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 25 तयार होतात, म्हणजे त्या 5 भागांच्या जागी तीन-सव्वातीन भाग दुसरा वायू येऊन बसतो. तो पाण्यात विरघळतो, पण सावकाश, काही सेकंदांत नाही. निव्वळ घट दोन भागांच्याही आत. 15 सेंटिमीटर उंचीच्या ग्लासात ती तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. प्रत्यक्षात पाणी दोन-तीन सेंटिमीटर चढतं. कधी ते नेमकं एक पंचमांशाजवळ थांबतं आणि सगळे खूश होतात, पण तो योगायोग असतो.

सातवीच्या मुलांना हा हिशोब सांगायची गरज नाही, हे मान्य. रासायनिक समीकरणं त्यांना पुढे येतातच. पण त्या मुलीने समीकरण कुठे मागितलं होतं? तिने जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. पुढचं काम तिथून सुरू व्हायला हवं होतं, आणि त्याला लागतात फक्त आणखी दोन मेणबत्त्या.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, हा प्रयोग टाकून देऊ नका, नीट करा. खोलगट थाळीत एक सेंटिमीटर पाणी, रंगाला शाईचे चार थेंब. पाणी कमी पडलं तर कडेखालून हवा आत शिरते आणि चढलेली पातळी पुन्हा उतरते. ग्लास उभ्या सरळ भिंतींचा घ्या, निमुळत्या ग्लासात उंचीवरून आकारमानाचा अंदाज फसतो. बाहेरून कागदी पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा करून चिकटवा. कडेखाली दोन नाणी ठेवा, नाहीतर काच थाळीला घट्ट बसते आणि पाण्याला वाट मिळत नाही. वात आणि ग्लासाचा तळ यांत तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कमी असेल तर ज्योत लगेच गुदमरते किंवा काच तडकते. आता एका मेणबत्तीने करा, उंची लिहा. मग त्याच ग्लासात तीन मेणबत्त्या. ग्लास तोच, म्हणजे आत ऑक्सिजन तेवढाच (खरं तर मेणबत्त्यांनी जागा अडवल्यामुळे किंचित कमीच). ऑक्सिजनमुळे पाणी चढत असेल तर उंची तीच यायला हवी. पण पाणी जास्त चढतं. वर्ग इथे आपोआप बोलायला लागतो.

मग मेणबत्ती काढूनच टाका. ग्लासात हाताला चटका बसेल इतपत गरम पाणी घोळवून ओता (उकळतं नको, काच फुटेल) आणि लगेच थाळीतल्या पाण्यात उपडा ठेवा. काहीही जळलेलं नाही, तरी पाणी चढतं. यानंतर 'ऑक्सिजन संपला म्हणून' असं कोणतंही मूल म्हणत नाही. तुम्ही सांगायची गरज उरत नाही.

जळताना दुसरा वायू तयार होतो हे दाखवायचं असेल तर पानाला लावायचा चुना चमचाभर घ्या, बाटलीभर पाण्यात हलवा, रात्रभर बूच लावून ठेवा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्या. कोरड्या बरणीत मेणबत्ती विझू द्या, ती बाहेर काढून दोन चमचे निवळी आत टाका, झाकण लावून हलवा. दुधी होते. निवळी उघडी राहिली तर हवेतलाच कार्बन डायऑक्साइड घेऊन तिच्यावर साय धरते आणि मग ती काही दाखवत नाही. प्रयोग 'फसतो' तो बहुतेक वेळा इथे.

आता थोडं शांतपणे. त्या मुलीच्या बाईंवर माझा राग नाही. 35 मिनिटांचा तास, वर्गात साठ मुलं, प्रयोगशाळेची किल्ली तिसऱ्याकडेच, वर सर्वेक्षण आणि निवडणुकीची कामं. शिवाय हे चुकीचं स्पष्टीकरण त्यांनी शोधून काढलेलं नाही. ते गाइडांत आहे, व्हिडिओंत आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्यांनाही शाळेत हेच शिकवलं गेलं असणार. आणि प्रदर्शनासाठी मुलीकडून सगळी मांडणी करून घ्यायला कुठलीतरी संध्याकाळ त्यांनी घरची कामं सोडून दिलीच असेल. त्यांच्याबद्दल मला आदरच वाटतो.

माझा राग गुणांच्या कागदावर आहे. त्यात सादरीकरण, तक्ता, आत्मविश्वास, निष्कर्ष असे रकाने होते. 'मुलाने स्वतः काय पाहिलं' याला रकाना नव्हता. असता तर "पण सर" म्हणणाऱ्या त्या मुलीला तिथे पैकीच्या पैकी मिळाले असते. प्रयोगवह्यांचंही तेच. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं फळ्यावरून एका दमात उतरवून झालेलं असतं, प्रयोग नंतर होतो किंवा होतच नाही. साठही वह्यांत एकच निरीक्षण कसं असेल? साठ मुलांनी पातळी मोजली तर आकडे वेगवेगळे यायलाच हवेत. सारखे आले तर मोजलेलं नाही, एवढं वही तपासणाऱ्याला कळायला हवं. आपल्या पाठ्यपुस्तकात 'करून पहा' आणि 'जरा डोके चालवा' अशा चौकटी छापलेल्या आहेत. तिने करूनही पाहिलं आणि डोकंही चालवलं. मग?

सरकारी शाळांत हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना होशंगाबादची आठवण करून देते. मध्य प्रदेशात 1972 ला सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीची साध्या गावांतली मुलं गटाने प्रयोग करायची, आपली निरीक्षणं आपल्या शब्दांत लिहायची आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडून बसायची. 2002 मध्ये तो बंद केला गेला, हेही खरं. पण तीस वर्षं चालला.

हवेतला ऑक्सिजन खरोखर मोजायचा असेल तर मेणबत्ती नको, लोखंड घ्या. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिए यांनी बंद भांड्यात पारा 12 दिवस तापवला होता, आणि आतल्या हवेतला ऑक्सिजन त्या पाऱ्याने घेतला होता. पाऱ्याचं काम आपल्याकडे लोखंडाचा गंज करतो. गंज घन असतो, तो वायू परत देत नाही, आणि सगळं इतकं सावकाश होतं की हवा तापत नाही. लेथवरचा किंवा कानशीने पाडलेला बारीक कीस आणा. ग्राइंडरखालची काळी भुकटी नको, ती बरीचशी आधीच जळलेली असते. भांडी घासायची स्टेनलेसची तार तर अजिबात नको, ती गंजत नाही. किसाला तेल असतं, तो साबणाच्या पाण्याने धुवा, मग व्हिनेगरमध्ये बुडवून पाण्यातून काढा. परीक्षानळी आतून ओली करून दोन चमचे कीस आत फिरवा, भिंतीला चिकटतो. नळी पाण्यात उपडी उभी करा, आतल्या पातळीला मार्करने खूण करा. शेजारी किसाशिवायची दुसरी नळी हवीच. दोन-तीन दिवसांत 15 सेंटिमीटरच्या नळीत पाणी तीन सेंटिमीटरच्या आसपास चढतं आणि थांबतं. वाचन रोज एकाच वेळी घ्या, कारण दुपारच्या उन्हाने हवा फुगते. शेवटचं वाचन घेताना नळी खाली-वर करून आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत आणा, नाहीतर उत्तर कमी येईल. त्यानंतर नळीचं तोंड पाण्यातच अंगठ्याने बंद करून ती उलटी करा आणि पेटती काडी आत घाला. लगेच विझते.

सोमवारी कीस भिजवला तर गुरुवारच्या तासाला आकडे हातात असतील. ते फळ्यावर तुम्ही लिहू नका, मुलांना लिहू द्या, आणि कोणाचा अडीच आला, कोणाचा सव्वातीन, तर दोन्ही राहू द्या.