चवड्याखालचा खडा

बुटात खडा गेला होता. म्हणजे मला तसं वाटलं. चालता चालता थांबलो, विजेच्या खांबाला धरून एका पायावर उभा राहिलो, बूट काढून उलटा केला, झटकला, त्याच्या टाचेवर दोन चापट्या मारल्या. काही पडलं नाही. आत हात घालून कोपरे चाचपले. मोजा काढला, उलटा केला, पुन्हा घातला. बूट चढवून पाऊल टाकलं, तर खडा जागच्या जागी. पुढच्या खांबाशी पुन्हा तोच कार्यक्रम. असे चार खांब कवटाळून झाल्यावर समोरून येणारी माणसं मला वळसा घालून जायला लागली, तेव्हा कुठे शंका आली की खडा बुटात नाही, माझ्यातच आहे.

जागा नेमकी होती. बोटांच्या मागे, जिथे पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथे, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी. या भागाला चवडा म्हणतात आणि दुखेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. टाचेला भेगा पडतात म्हणून तिचे लाड होतात. घोटा मुरगळला की घरभर धावपळ होते. गुडघ्याबद्दल तर माणसं मुलाच्या प्रगतीपुस्तकाबद्दल बोलावं तशी बोलतात. चवडा दुखतोय म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नक्की कुठे?" मग बूट काढून पाय वर करून दाखवावा लागतो, आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये ते शोभत नाही.

दुखण्याचं मूळ माझ्या मनगटावर होतं. लेकीने वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ दिलं आणि त्या दिवसापासून मी दहा हजारांचा गुलाम झालो. एकदा झोपायच्या वेळी आकडा नऊ हजार आठशेवर अडला, तर उरलेली दोनशे मी पलंगाभोवती प्रदक्षिणा घालून पुरी केली. पलंगावर बायको होती. तिने डोळे न उघडता विचारलं, "अहो, काही नवस वगैरे बोललात का?" या दहा हजारांची कुळकथा मला फार उशिरा कळली. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. आकडा गोल होता, कानाला बरा वाटला आणि जगभर पसरला. थोडक्यात, माझ्या जन्माआधीच्या एका जाहिरातीने माझा चवडा खाल्ला. त्यात ही सगळी पायपीट मी पाच वर्षं जुन्या, निमुळत्या नाकाच्या बुटांतून करत होतो. त्यांचा तळ इतका झिजलेला की रस्त्यावरच्या नाण्यावर पाय पडला तर छापा की काटा ते कळावं.

उपाय सोपा होता. दुखतंय तिथे मऊ काहीतरी घालायचं. एवढी अक्कल कोणालाही असते, मलाही होती. चवड्याखाली घालायच्या जेलच्या गाद्या आणल्या. पारदर्शक, थंडगार, हातात धरल्या की थुलथुलणाऱ्या. पाकिटावर एक पाऊल हसताना दाखवलं होतं. पावलाला तोंड काढण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याचं पाऊल बहुधा कधी दुखलं नसावं.

पहिली दहा पावलं स्वर्गीय गेली. अकराव्या पावलाला गादी पुढे सरकली. विसाव्याला ती बोटांखाली जाऊन बसली. दुपारपर्यंत तिची घडी होऊन बुटाच्या नाकात बोळा झाला. आता चवड्याखाली खडा होताच, वर बोटांना उशी मिळाली. बोटांनी ती मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी एकावर एक दोन गाद्या घातल्या. त्या एकमेकींवर घासल्या की ओल्या बेडकावर पाय पडल्यासारखा आवाज येई. ऑफिसच्या शांत पॅसेजमधून मी चालत गेलो की माणसं टेबलांखाली वाकून बघत.

मग जेल सोडून फोमकडे वळलो. टाचेपासून बोटांपर्यंत अख्खा तळ आणला, जाडजूड, भोकाभोकांचा. तो बुटात आधीपासून असलेल्या सुकतळ्यावरच अंथरला. जुनी माणसं सुकतळ्याला सुखतळा म्हणत. ज्याने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, त्याचे बूट मापाचे असणार. माझ्या बुटात आता दोन मजले झाले आणि तिसऱ्यावर मी राहायला गेलो. वरून बोटं छताला टेकली, मागून टाच बाहेर डोकावू लागली, आणि प्रत्येक पावलाला बूट मागे राहून मी एकटाच पुढे जाऊ लागलो. नवा तळ घालायचा तर आतला जुना आधी काढायचा असतो, हे बायकोने बसल्या जागेवरून, भाजी निवडता निवडता सांगितलं. ते पाकिटावरही छापलेलं होतं, पण पाकिटावरचं वाचायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

शेवटी डॉक्टर. तपासायच्या पलंगावर बसलो, ऐटीत बूट काढला, आणि मोज्याला चिकटून जेलची एक गादी बाहेर आली. ही कधीची तिथे होती, देव जाणे. क्षणभर लोंबकळली आणि डॉक्टरांच्या बुटावर पडली. त्यांनी ती चिमट्याने उचलली. सवयीचं असावं, कारण चेहरा हलला नाही.

"उभं राहिलं की दुखतं, बसलं की थांबतं?"

"हो."

"पावलाचा शेवटचा रेटा देताना जास्त?"

"हो हो." कुणीतरी अखेर मला समजून घेत होतं. डोळे भरून यायचेच बाकी होते, तेवढ्यात त्यांनी माझं पाऊल दोन्ही बाजूंनी पकडून लिंबासारखं पिळलं. डोळे भरून आले.

या पिळण्यालाही शास्त्र आहे. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधली नस जाड झाली असेल तर असं दाबल्यावर कळ बोटांत जाते, कधी टक् असंही लागतं. माझी नस शाबूत निघाली. त्या नसेच्या दुखण्याला मॉर्टनचं नाव आहे, कारण फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन नावाच्या सर्जनने १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब असलं तर त्यालाही मॉर्टनचं बोट म्हणतात, पण तो मॉर्टन वेगळा, डडली नावाचा, विसाव्या शतकातला. एकाच आडनावाच्या दोन माणसांनी आयुष्यभर लोकांच्या चवड्यांकडे बघत बसावं, हा काय योग म्हणायचा! माझं दुसरं बोट मी लगेच मापून घेतलं. लांब आहे.

डॉक्टरांनी रक्तातली साखर विचारली, पाय बधिर होतात का ते विचारलं. तसं काही असतं तर घरच्या घरी बुटात काहीबाही कोंबायचे माझे प्रयोग महागात पडले असते, कारण पाय सोलला गेला तरी कळत नाही. मग त्यांनी कागदावर लिहिलं, मेटाटार्साल्जिया. नाव वाचून दुखणं एकदम प्रतिष्ठित वाटायला लागलं. घरी येऊन शोधलं, तर चवड्यातल्या पाच लांब हाडांना मेटाटार्सल म्हणतात, आणि शेवटचा 'आल्जिया' म्हणजे ग्रीकमध्ये दुखणं. थोडक्यात, "डॉक्टर, चवड्याचं हाड दुखतंय," असं मी सांगितलं आणि डॉक्टरांनी तेच ग्रीकमध्ये परत करून फी घेतली.

फी वसूल झाली ती पुढच्या वाक्यात. त्यांनी खणातून एक छोटी, थेंबाच्या आकाराची, मधे फुगीर गादी काढली आणि म्हणाले, "ही दुखतं तिथे लावायची नाही. दुखतं त्याच्या मागे लावायची."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी पुन्हा विचारलं. त्यांनी विचारलं, "कपाटाच्या पायाखाली बोट सापडलं तर काय कराल? बोटाखाली कापूस घालाल?"

"नाही. कपाट उचलू."

"मग उचला."

त्या पाच हाडांची टोकं चवड्यात जमिनीला टेकतात आणि चालताना सगळं वजन त्यांच्यावर येतं. धावलात तर हा भार अंगाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीच्या घरात जातो. फुगीर गादी टोकांच्या मागे, हाडांच्या दांड्यांखाली बसली की दांड्या थोड्या उचलल्या जातात आणि टोकांवरचा भार मागे वाटला जातो. दुखऱ्या टोकाखालीच ठेवली तर उलट तिथलाच उंचवटा वाढतो. म्हणजे मी महिनाभर सापडलेल्या बोटाखाली कापूस सारत होतो, आणि दोन गाद्या घातल्या त्या दिवशी तर बोट कपाटाकडे आणखी ढकललं होतं.

आता नेमकी जागा कशी शोधायची? त्याची युक्ती डॉक्टरांनीच सांगितली. दुखऱ्या बिंदूवर लिपस्टिक लावायची, अनवाणी पाय बुटातल्या तळावर दाबायचा, ठसा उमटतो. त्या ठशाच्या लगेच मागे गादीची पुढची कड.

घरी बायको नव्हती. तिच्या खणात सात लिपस्टिका होत्या. मी विचारी माणूस असल्यामुळे सगळ्यात कमी वापरलेली घेतली. कमी वापरली म्हणजे नावडती, असा माझा हिशेब. बाथरूमच्या फरशीवर बसून, उजवा पाय डाव्या मांडीवर घेऊन, अंगठ्याने दाबत दाबत ती जागा शोधली आणि तिच्यावर नाण्याएवढा गोल रंगवला. रंग सुंदर होता, पिकल्या जांभळाच्या आतल्या गरासारखा. हात जरा सरकला म्हणून कड नीट करत होतो, तेवढ्यात दार उघडलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती मी लग्नासाठी जपून ठेवली होती."

"कोणाच्या?"

"कोणाच्याही!"

मी मेटाटार्साल्जिया म्हणालो. ग्रीक तिथे चाललं नाही.

ठसा मात्र झकास उमटला. सुकतळ्यावर तो लालजांभळा गोल असा दिसत होता की माझ्या बुटाचं कुणाशी तरी प्रकरण चालू असावं. गादी चिकटवायला घेतली आणि ऐन वेळी मन कच्चं झालं. इतकं दुखतं त्या जागेला अगदीच कोरडं ठेवायचं? थोडी तरी तिच्याखाली यावी म्हणून बोटभर पुढे चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी खडा होता त्याचा दगड झाला. रात्री गादी खरवडून काढली, सोबत सुकतळ्याचा पापुद्राही आला, आणि गुपचूप सांगितलेल्या जागी मागे लावली.

पहिल्या दिवशी तासभरच घाला, रोज थोडं वाढवा, असं बजावलेलं होतं. ते या वेळी ऐकलं. तो तासही मजेचा नव्हता. तळपायाच्या ऐन मध्याशी कुणीतरी सुपारी ठेवल्यासारखं वाटत होतं. आधी चवड्याखाली नसलेला खडा होता, आता मागे असलेला खडा, आणि तो मी विकत घेतलेला. चौथ्या-पाचव्या दिवशी सुपारीची शेंगदाण्याएवढी झाली. मग एका संध्याकाळी रस्त्याने घरी येताना लक्षात आलं की बराच वेळ मी पायाचा विचारच केलेला नाही. त्या आनंदात खाली पायाकडे बघत चाललो आणि एका खांबावर आदळलो. पहिल्या चारांपैकीच एक असावा.

आता नवे बूट आहेत. पुढून ऐसपैस, आणि संध्याकाळी जाऊन घेतलेले, कारण दिवस चढेल तसा पाय सुजतो आणि सकाळी मापाचा वाटलेला बूट रात्री चावतो. घड्याळ कपाटात आहे. गादी मात्र एकाच जोडीत आहे, त्यामुळे घाईत दुसरे बूट चढवले की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यावं लागतं. बायको दारातच विचारते, "काय, हृदय विसरलात की गादी?"

गेल्या आठवड्यात ती एका लग्नाहून आली. उंच टाचांच्या चपला हातात, आणि चाल माझीच, महिन्यापूर्वीची. सोफ्यावर बसली, काही न बोलता उजवा चवडा दोन्ही हातांनी दाबत राहिली. उंच टाच सगळं वजन पुढे चवड्यावर ढकलते, हे मला सविस्तर सांगता आलं असतं. सांगितलं नाही. पंचवीस वर्षांत एवढं शिकलोय.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "अहो, ती लिपस्टिक टाकली नाहीत ना?"