रानपिंगळा आणि पामेला रासमुसेन: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. रानपिंगळा हे छोटं घुबड सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांना आधीच ठाऊक होतं, मग ते 1997 मध्ये पुन्हा शोधल्याचं श्रेय चार दिवस आलेल्या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन बाईंना कशाला, असं तुम्ही विचारता. त्यांच्या लेखांना सायटेशन किती, म्हणजे इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, हाही सवाल आहे. आणि यावलजवळ रात्री विजेच्या खांबावर तुम्हाला रानपिंगळा दिसला, तेव्हा तो दुर्मीळ कसला, असं म्हणता.

रानात राहणाऱ्यांना तो दिसत असणार, यात वाद नाही. पण पक्षीशास्त्राच्या कागदांत 1884 नंतर त्याचा एकच नमुना (भरलेलं कातडं) होता: ऑक्टोबर 1914, तापीकाठचं मांडवी, गोळा करणारे कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन. सलीम अली आणि रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांचे शोधही रिकामे गेले. पक्षी पुन्हा सापडला तो शहाद्याला, पण रासमुसेन यांचं खरं काम तिथे झालंच नाही. ते त्याआधी संग्रहालयाच्या कपाटांत झालं.

जुन्या नमुन्याचं लेबल म्हणजे पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ती बदलायला मिनिट पुरतं. कातडं भरण्याची पद्धत मात्र माणसाच्या हस्ताक्षरासारखी असते. चीर कुठे दिली, टाके कसे घातले, आत काय भरलं, पंखांची हाडं किती ठेवली, पाय कसे बांधले, यावरून गोळा करणारा ओळखता येतो. नमुना न उसवता हे बघायचं तर एक्स-रे काढतात. माइनर्टझहागेनचा रानपिंगळा असा तपासला, तेव्हा आत जेम्स डेव्हिडसन यांच्या हाताच्या खुणा निघाल्या. हे डेव्हिडसन म्हणजे 1880 च्या दशकात आपल्या पश्चिम खान्देशात पक्षी गोळा करणारे ब्रिटिश सनदी अधिकारी. म्हणजे ब्रिटिश संग्रहालयातला खान्देशचाच पक्षी उचलून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेली होती. शिवाय त्याच ऑक्टोबरात कर्नलसाहेब मुंबईहून पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाले होते. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं 1999 मध्ये पुराव्यासकट छापलं.

या तपासाचा उपयोग बघा. 1914 गेलं, मांडवी गेलं. खात्रीचे उरले ते एकोणिसाव्या शतकातले मोजके नमुने, आणि तेही दोनच पट्ट्यांतले: पूर्वेला छत्तीसगड-ओडिशाकडचा आणि इकडे शहादा-तळोद्याचा. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडे फिरले. हाती काही लागलं नाही. मग शहाद्याला आले आणि 25 नोव्हेंबरच्या सकाळी पक्षी समोर बसलेला होता. (जुन्या लेखांत 'धुळे जिल्हा' वाचून गोंधळू नका, नंदुरबार जिल्हा जुलै 1998 मध्ये वेगळा झाला.)

सायटेशनचं म्हणाल तर वर्गीकरणाच्या कामाला ते माप तोकडं पडतं. पक्ष्याचं शास्त्रीय नाव हजार लेखांत येतं, पण ते नाव ज्याने दिलं किंवा तपासलं त्याचा लेख संदर्भात क्वचितच देतात. जॉन अँडरटन यांच्यासोबतचं 2005 चं त्यांचं दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरचं द्विखंडी पुस्तक घ्या. माइनर्टझहागेनच्या भरवशावर उभ्या असलेल्या नोंदी त्यात बाजूला काढल्या आहेत आणि आवाजांचे आलेख दिले आहेत. त्यांनी जातींची फोड (एका जातीच्या दोन-तीन वेगळ्या जाती मानणं) जरा सढळ हाताने केली, ही टीका मला रास्त वाटते. पण त्यातल्या कितीतरी फोडी पुढे मान्य झाल्या.

श्रेयाबाबत तुमचं अर्धं म्हणणं मात्र पटतं. रानपिंगळा खातो काय, कोणत्या ढोलीत घरटं करतो, सागाचं विरळ रान मोडून शेत झालं की काय होतं, हे रासमुसेन यांनी नाही शोधलं. ते फराह इश्तियाक, असद रहमानी, गिरीश जठार यांच्यासारख्यांनी तोरणमाळ-मेळघाटात राबून काढलं. पुढे यावल अभयारण्यात आणि ठाण्याच्या तानसात तो सापडला. 2018 मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. म्हणजे तो अजून धोक्यातच आहे.

आता तुमचा खांबावरचा पक्षी. तो साधा पिंगळा असण्याचीच शक्यता जास्त. रानपिंगळा दिवसा शिकार करतो, सकाळी उघड्या शेंड्यावर बसतो, शेपटी आडवी झटकतो. गावातल्या खांबाला तो सहसा जवळ करत नाही. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळपास कोरा. रानपिंगळ्याच्या छातीचा वरचा भाग गडद तपकिरी, पोटाचा मध्य पांढरा, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. टॉर्चच्या उजेडात खालून काढलेल्या फोटोत ठिपके धुऊन जातात आणि माथा कोरा दिसतो. फसगत होते ती इथेच.

फोटो असेल तर माथा, छाती आणि पोट तिन्ही दिसतील असे पाठवा, न कापता, मूळ फाइलसकट. आवाज मोबाइलवर घेतला असेल तर तोही. रेकॉर्ड लावून त्याला बोलावू नका, विशेषतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, कारण तेव्हा घरटी असतात. आणि जागा इथे प्रतिक्रियेत लिहू नका, मेल करा.