जलद न्याय हवाय? मग चीनला जाऊन आरोपी व्हा

परवा एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारचे काका कुठलासा व्हिडिओ बघून आलेले, मठ्ठ्याचा घोट घेत म्हणाले, "न्याय बघावा तर चीनचा! तारीख पे तारीख नाही, खेळ खलास." आजूबाजूची चार टाळकी डोलली. माझा घास घशातच अडकला. तेव्हा तमाम जलदन्यायप्रेमींनो, तिकडे आरोपी व्हायचा योग आलाच, तर या सूचना जवळ असू द्या.

निर्दोष सुटायची आशा इथेच ठेवून जा. तिथे दोषी ठरण्याचं प्रमाण ९९.९ टक्क्यांच्या आसपास आहे.

फार हुशार वकील करू नका. जुलै २०१५ मध्ये मानवी हक्कांसाठी लढणारे शेकडो वकील आणि कार्यकर्त्यांची धरपकड झाली होती. तुमच्या आधी वकीलच आत जायचा.

कपडे सहा महिन्यांचे घ्या. फौजदारी प्रक्रिया कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने 'नेमून दिलेल्या ठिकाणी देखरेखीखाली निवास' अशी सोय पक्की केली आहे. सहा महिन्यांपर्यंत घरही नाही, कोठडीही नाही. प्रकरण राष्ट्रीय सुरक्षेचं ठरवलं की वकिलाची भेटही पोलिसांच्या मर्जीवर.

न्यायाधीशांपुढे गयावया करू नका. अवघड खटल्यात शेवटचा शब्द न्यायालयाच्या आतल्या समितीचा, आणि तिने तुमचं तोंडही पाहिलेलं नसतं. 'जो ऐकेल त्यानेच निकाल द्यावा' अशी सुधारणा २०१४ पासून गाजतेय. आणि जानेवारी २०१७ मध्ये खुद्द सरन्यायाधीश चौ च्यांग यांनी न्यायालयीन स्वातंत्र्य ही पाश्चात्त्यांची चुकीची कल्पना असल्याचं बजावलं. झाली सुधारणा!

आणि कबुली द्या. लगेच द्या. २०१८ पासून कबुलीला शिक्षेत सवलत कायद्यातच आहे. हूबे प्रांतातल्या शे श्यांगलिननेही बायकोच्या खुनाची कबुली दिली होती, मारून मारून घेतलेली. अकरा वर्षं आत काढल्यावर २००५ मध्ये बायको धडधाकट परत आली. हबे या दुसऱ्या प्रांतातला न्ये शूबिन तर वीस वर्षांचा पोरगा. खुनाच्या आरोपाखाली सप्टेंबर १९९४ मध्ये पकडला, एप्रिल १९९५ मध्ये मृत्युदंड. सात महिने! बाप सामान घेऊन तुरुंगात गेला तेव्हा कळलं, पोरगा गेला. २००५ मध्ये दुसऱ्याच एका माणसाने सांगितलं, तो खून मी केला. कबुलीवर चालणाऱ्या यंत्रणेला नेमकी हीच कबुली पटेना! २०१३ मध्ये न्यायालय म्हणालं, तू नव्हेस. आई खेटे घालत राहिली. मुलगा निर्दोष ठरला २ डिसेंबर २०१६ ला. मारायला सात महिने, चूक मान्य करायला एकवीस वर्षं. हाच ना तुमचा जलद न्याय?

आता सूचना पुरे. काका, ज्यांच्या घाईचं तुम्हाला एवढं कौतुक, त्यांनीच घाबरून १ जानेवारी २००७ पासून प्रत्येक मृत्युदंडाची फेरतपासणी सर्वोच्च न्यायालयाकडे परत नेली. हे तुमच्या त्या व्हिडिओत नव्हतं वाटतं? आपल्याकडे खटले कुजतात, खरंय. मग न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून बोंब मारा, पोलिसांनी पुरावे नीट गोळा करावेत म्हणून बोंब मारा. ते नको. तुम्हाला फक्त कुणीतरी लवकर मेलेलं बघायचंय, मग तो खुनी असो वा नसो. तिथले वकील ही यंत्रणा बदलावी म्हणून तुरुंगात जातात आणि तुम्ही इथे मठ्ठा पीत तिचेच पोवाडे गाता. लाज वाटू द्या थोडी.